थांबत थांबत माथेरान

माझा भाचा झुरिकला असतो. डिसेंबरात सुट्टीला लोहगाव विमानतळावर उतरला, की घरचा पहिला चहा संपेपर्यंत तिकडच्या आगगाड्यांचं कौतुक चालू राहतं. "मामा, विमानातून उतरायचं, सरकत्या जिन्याने खाली जायचं, की समोर फलाट. बर्फावर घसरायच्या पट्ट्या खांद्यावर टाकायच्या, लांडक्वार्टला गाडी बदलायची, की दावोस. कुठे ताटकळावं म्हणून लागत नाही."

त्याचं म्हणणं खोटं नाही. झुरिकच्या विमानतळाच्या पोटात 1980 पासून रेल्वे स्थानक आहे. लांडक्वार्टला मोठी गाडी सोडून मीटरभर रुंदीच्या रुळांवरच्या लाल गाडीत बसायचं. हा फाटा 1890 साली दावोसला पोचला. हजार मीटरला पंचेचाळीस मीटर इतका चढ ती गाडी दातेरी रुळाचा आधार न घेता चढते, आणि पंधराशे मीटरपेक्षाही उंचावरच्या बर्फाच्या गावात माणसांना अलगद नेऊन सोडते. एका गाडीतून उतरून दुसरीत चढायला लागणारी मिनिटंसुद्धा वेळापत्रकात मोजून ठेवलेली. उत्तम कारागिरी आहे, वादच नाही.

मी अडलो ते 'ताटकळावं लागत नाही' या शब्दांवर. त्याच्या लेखी थांबणं हा प्रवासातला दोष. मला मात्र पुण्याहून माथेरानला जाणं इतकी वर्षं आवडत आलं आहे ते नेमकं त्यातल्या थांब्यांपायी. या वाटेवर गाडी उगीच कुठे थांबत नाही. डोंगर तिला थांबायला लावतो, आणि त्या प्रत्येक थांब्यात कोण्या अभियंत्याची, सांधेवाल्याची नाहीतर वडेवाल्याची अक्कल मुरलेली आहे. ती चाखायची तर घड्याळ खिशात ठेवावं लागतं. "चल," म्हटलं, "तुला थांबायला शिकवतो."

सुरुवातीला मात्र आपली बाजू लंगडी. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, विमानतळ तिच्या कडेला पाहुण्यासारखा राहिलेला, आणि त्याच्या पोटात स्थानक नाही. बसने किंवा रिक्षाने रामवाडीला यायचं. मार्च 2024 पासून तिथे मेट्रो मिळते. कल्याणीनगर, येरवडा, मग खाली मुळा-मुठेचं पात्र आणि बंडगार्डन, आणि थोड्याच वेळात पुणे स्टेशन. एवढ्या तुकड्याबद्दल भाच्याने जे काय बोलायचं ते बोलून घेतलं आणि मी ऐकून घेतलं. रसिकाने पडत्या जागेवर गप्प बसावं.

पुणे स्टेशनच्या इमारतीपाशी मात्र त्याला थांबवलं. ही इमारत 1925 सालची. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. "हे नाव लक्षात ठेव," म्हटलं, "घाटात पुन्हा भेटेल." आणि कर्जतला थांबणारी सकाळची गाडी पकडली. जागा उजव्या हाताच्या खिडकीची. ही निवड महत्त्वाची, कारण लोणावळ्यापर्यंत दोन्ही बाजू सारख्याच गोडीच्या, पण घाटात दरी उजवीकडे उघडते.

पुणे ते लोणावळा हे 64 किलोमीटर बहुतेक प्रवासी झोपून काढतात. त्यांना दोष देता येत नाही, कारण गाडी जवळजवळ काहीच करत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या थोडं वर, लोणावळा सव्वासहाशेच्या आत-बाहेर. म्हणजे इतक्या वाटेत चढ काय तो साठेक मीटरांचा. पिंपरी-चिंचवडचे कारखाने मागे पडतात, तळेगावनंतर हवा बदलते, कामशेतच्या पुढे इंद्रायणी कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला. मळवलीला डावीकडे लोहगड-विसापूरची जोडी, उजवीकडे कार्ल्याचा डोंगर. मावळातली ही सपाटी म्हणजे पुढच्या उताराची पूर्वतयारी आहे. पेटीवर नुसता षड्ज धरून ठेवावा तसा हा सगळा तुकडा. तो एकसुरी असायलाच हवा. नाहीतर पुढे जमीन पायाखालून निघून जाते तेव्हा काय गेलं ते कळणार नाही.

या सपाटीची एक गंमत ठाऊक असली की तिची चव बदलते. खंडाळा ते पुणे हा मार्ग 14 जून 1858 रोजी सुरू झाला, आणि तेव्हा घाट तयारच नव्हता. खाली मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत आलेले, वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत टाकलेले, आणि मधे सह्याद्री उभा. उतारूंनी खोपोलीला उतरायचं, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचा आणि वर दुसऱ्या गाडीत बसायचं. ही वहिवाट पाच वर्षं चालली. एकाच प्रवासाच्या मधोमध पाच वर्षांचा थांबा! झुरिकच्या वेळापत्रकात हा बसवायचा कुठे, असं भाच्याला विचारलं. तो हसला, पण खिडकीकडे सरकून बसला.

लोणावळ्याला चिक्कीवाले चढले-उतरले, खंडाळा गेलं, आणि मग तो पहिला खरा थांबा आला. गाडी घाटाच्या तोंडाशी उभी. नवख्याला वाटतं, सिग्नल मिळाला नसेल. कान दिला तर डब्याखालून हवेचा सुस्कारा ऐकू येतो: ब्रेक तपासले जात आहेत. चढणाऱ्या गाडीचं बळ कमी पडलं तर ती फार तर उभी राहील. उतरणाऱ्या गाडीला उभं राहता आलं नाही तर मात्र तिला कोणी वाचवू शकत नाही. घाटातली खरी विद्या उतरण्याची, हे इथे कळतं. हरिपाठाआधी टाळ जुळवून घ्यावेत तशी ती गाडी दोन मिनिटं आपले ब्रेक जुळवून घेते, आणि मग इतकी हळू सुटते, की ती सुटली हे आधी झाडांवरून कळतं.

आता भोर घाटाची रचना. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी ही वाट आखली. 1856 साली काम सुरू झालं, 1863 साली गाडी धावली. पंचवीस किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे, आणि चढ सर्वांत तिखट तिथे सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आकडा ऐकायला किरकोळ. पायी चालणाऱ्याला तो जाणवणारही नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं तेव्हा त्यांच्यात धरायला जवळपास काही नसतं. तिथे सदतीसास एक म्हणजे कडाच. हा कडा पंचवीस किलोमीटर लांब ओढून सौम्य केलेला आहे. मावळातला शेतकरी उतारावर पाणी पळू नये म्हणून आडव्या ताली घालतो. बर्कलींनी गाडीसाठी नेमकं तेच केलं.

बोगदे ऐकायचे असतात. मोठा बोगदा आला की डब्यातली पोरं ओरडतात, हा रिवाज पिढ्यान् पिढ्यांचा. लहान बोगद्यात ओरडायला सवड मिळत नाही, नुसता काळोखाचा फटकारा बसतो आणि लगेच उजेड. या दोहोंच्या मधे, उजव्या खिडकीत, उल्हास नदीची दरी हप्त्याहप्त्याने दिसते. एका बोगद्याबाहेर दरीचा तळ, दुसऱ्याबाहेर पलीकडचा कडा, तिसऱ्याबाहेर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. सलग दिसली असती तर दरी पाच मिनिटांत जुनी झाली असती. झाकून झाकून दाखवल्यामुळे प्रत्येक वेळी ती नव्याने खोल वाटते. बर्कलींनी हे सौंदर्यासाठी केलं नसणार. डोंगराच्या सोंडा आडव्या आल्या म्हणून पोखरल्या. पण एखाद्या जुन्या वाड्याच्या जिन्यातले झरोके वाऱ्यासाठी काढलेले असतात आणि चढताना अंगणाची चित्रं दाखवतात, त्यातलाच हा प्रकार.

या घाटात एक जागा अशी होती, जिथे अभियंत्याने डोंगरासमोर चक्क हात जोडले. खंडाळ्याच्या खालच्या अंगाला वळण घ्यायला डोंगराने जागाच दिली नाही. मग बर्कलींनी रूळ एका सोंडेवर नेऊन संपवले. गाडी तिथे थांबायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला जायचं, आणि जे मागे होतं ते पुढे करून गाडी उलट्या दिशेने चालू लागायची. चढाची नागमोड तर साधली, पण वळणाऐवजी थांब्याने. 1863 पासून 1929च्या सुमारास नवी वाट होईपर्यंत या मार्गावरची प्रत्येक गाडी अशी थबकली आणि पाठमोरी झाली. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीलाही हीच युक्ती करावी लागते. वळता येत नसेल तर थांबावं आणि तोंड फिरवावं, हे साधं शहाणपण दगडात लिहून ठेवणाऱ्या माणसाची प्रतिभा मला मोठे पूल बांधणाऱ्यांपेक्षा कमी वाटत नाही.

आणि ही प्रतिभा एकट्या बर्कलींची नव्हे. 1859 साली कामाचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे आलं आणि इथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत ते आजारपणाने वारले. ते कंत्राट त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी पुढे चालवलं आणि काम तडीला नेलं. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं या कड्यांवर राबत होती. दोराला लोंबकळून सुरुंगाची भोकं पाडणारे, पटकीने तळावरच गेलेले, पावसाळ्यात पांगून दिवाळीनंतर परत आलेले. त्यांची नावं कुठल्या कमानीवर नाहीत. पण एखाद्या पुलावरून जाताना काळ्या दगडाच्या चिऱ्यांचे सांधे बघावेत. दीडशेहून जास्त पावसाळे त्यांवरून गेले आहेत, आणि आजही अवजड गाड्या त्या वाटेने घरंगळतात. सही कशी असावी, तर अशी.

पुढचे थांबे मंकी हिल, ठाकूरवाडी अशा नावांचे. तिकिटाच्या खिडकीवर ती कोणी मागत नाही. एक केबिन, एखादा दिवा, मागे जंगल. गाडी इथे का अडखळते, हे कळायला रुळांकडे बारकाईने पाहावं लागतं. मुख्य रुळाला एक फाटा फुटलेला दिसतो आणि तो डोंगराच्या अंगाला, चढावर जाऊन संपतो. हा निसटलेल्या गाडीला धरणारा रूळ. सांधा एरवी याच फाट्याकडे वळवलेला असतो. येणारी गाडी आधी ताब्यात असल्याचं दाखवते, मगच तिला खालची वाट उघडून मिळते. ब्रेक निकामी झालेली गाडी आपसूक त्या चढावर जाते आणि स्वतःच्याच वजनाने दमून थांबते. यातली नजाकत अशी, की इथे भरवसा गृहीत धरलेला नाही. तो दर गाडीला नव्याने कमवावा लागतो. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाला आतून कडी असावी आणि घरच्या माणसालाही हाक देऊनच आत यावं लागावं, तसं. भाचा म्हणाला, "म्हणजे आपण आत्ता परीक्षा देतोय?" म्हटलं, "आणि पासही झालो. बघ, सांधा फिरला."

घाटातच त्याला लेस्ली विल्सन पुन्हा भेटवले. 1929 साली पुण्यापर्यंत विजेची गाडी आली, तेव्हा मालगाड्या या घाटातून ओढायला खास इंजिनं मागवली गेली. दोन्ही टोकांना लांब नाकाडं, मधे बसकं घर, आणि वळणावर अंग मुडपता येईल असे सांधे. स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्डच्या घाटात याच घडणीची इंजिनं चालत; तिकडे त्यांना मगर म्हणत. आपल्याकडे आलेल्यांपैकी पहिली काही विंटरथूरच्या कारखान्यात घडली होती. झुरिकच्या विमानतळावरून हे गाव हाकेच्या अंतरावर! त्यांतल्या एका इंजिनाचं नाव 'सर लेस्ली विल्सन'. ते आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात विसावलं आहे. इथल्या गाडीवानांनी मात्र त्या जातीला 'खेकडा' हे नाव दिलं. उभं असताना ते कण्हायचं आणि चालताना सळसळायचं, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. मला त्यात चाकांना जोडणाऱ्या, खालीवर होणाऱ्या त्या आडव्या दांड्याही दिसतात. आल्प्सच्या लोकांना नाकाड दिसलं, आपल्याला पाय दिसले. ओढ्याकाठी दगड उचलून खेकडे धरलेल्या माणसांनीच ते नाव ठेवावं. परदेशी यंत्राचं इतकं नेमकं मराठी भाषांतर मी दुसरं पाहिलेलं नाही.

कर्जतला उतरलो. तिथल्या थांब्याबद्दल मी मुद्दामच काही बोललो नाही. तो चढत्या गाडीतून अनुभवायचा. लोकल पकडून भिवपुरी रोड, मग नेरळ. डावीकडे माथेरानचा डोंगर सपाट माथ्याने सोबत येतो. बूड जंगलात आणि माथा आकाशात, मधे उभा काळा कडा. याच्यावर आगगाडी जाते हे खालून पाहताना पटत नाही.

नेरळला फलाटाच्या एका अंगाला मोठे रूळ आणि दुसऱ्या अंगाला छोटे. इकडे दोन रुळांतलं अंतर साडेपाच फूट, तिकडे दोन फूट. लांडक्वार्टच्या फलाटावरची गोष्टच इथे घडते, फक्त फरक आणखी ठसठशीत. हे दोन फूट कंजूषपणाचे नव्हेत. रूळ जितके जवळ तितकं वळण आखूड घेता येतं, आणि वळण आखूड घेता आलं की डोंगर फोडायचा खर्च वाचतो. ही लाइन सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी उभी केली. 1904 ला काम सुरू, 22 मार्च 1907 ला गाडी सुरू, खर्च सोळा लाख. सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांना पंढरीचे वारकरी त्यांच्या बार्शी लाइट रेल्वेवरून ओळखत. याच गृहस्थांनी पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी हवाई छत्री तयार केली. उंचावरून सावकाश खाली कसं यावं, याचा ध्यास या माणसाला दोन्हीकडे लागलेला दिसतो.

या मार्गावरची जुनी वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनश्टाइन आणि कोपेल कंपनीची. त्यांच्यातली खुबी बाहेरून दिसत नाही. सहा चाकांचं इंजिन एका आखूड वळणात शिरलं, की मधली चाकं रुळावर राहतात आणि टोकाची चाकं रुळाबाहेर जाऊ पाहतात. यावर उपाय म्हणजे टोकाच्या धुऱ्यावर एक पोकळ धुरा चढवायचा. ताकद आतल्या धुऱ्याची, पण चाकं बाहेरच्या पोकळ धुऱ्यावर, आणि त्याला किंचित सरकायची, किंचित वळायची मुभा. क्लीन-लिंडनर म्हणतात या जोडणीला. ओझं ओढायचं पण अंग ताठ ठेवायचं नाही, ही लकब मी एरवी फक्त डोक्यावर तीन हंडे घेऊन उताराने येणाऱ्या बायकांच्या कमरेत पाहिली आहे.

गाडी सुटली. वीस-एकवीस किलोमीटर, साधारण साडेसातशे मीटर चढ, वेळ अडीच तासांच्या पुढे. टॅक्सी हाच डोंगर अर्ध्या तासात चढते. चढ सर्वांत कडक तिथे विसास एक. दावोसच्या गाडीपेक्षा तसूभर अधिकच, आणि इथेही दातेरी रूळ नाही. भोर घाटाच्या निम्म्या रुंदीची नव्हे, पाव हिंमतीची वाटावी अशी ही गाडी सह्याद्रीवर भोर घाटापेक्षा जवळजवळ दुप्पट तिखट चढ चढते. कशी? नीट पाहा: ही गाडी डोंगराशी भांडतच नाही. घळ आली की आत शिरते, घळीच्या टोकाशी ओढा ओलांडते आणि दुसऱ्या काठाने बाहेर येते. सोंड आली की सोंडेला वळसा. भोर घाटात पंचवीस बोगदे, इथे एकच. तोही इतका आखूड की त्याचं नाव वन किस टनेल, एका मुक्यापुरता काळोख. विनोद जुना आहे, पण त्यातलं मोजमाप अचूक आहे.

माउंट बॅरीजवळ घोड्याच्या नालासारखा भराव येतो. तिथे खिडकीतून डोकं काढलं की आपलंच इंजिन समोरून, आपल्याकडे तोंड करून येताना दिसतं. भाच्याने दावोसच्या वाटेवर असली वळणं पाहिली होती. पण तिथे काच होती. इथे गवताची पाती हातावर घासत होती. डिसेंबरचं गवत, वाळून सोनेरी झालेलं, आणि खाली नेरळचं स्टेशन काडेपेटीएवढं. पुढच्या वळणावर तेच स्टेशन पुन्हा, आता उजवीकडून डावीकडे आलेलं आणि आणखी लहान. एखाद्या कीर्तनकाराने एकच ओवी तीन अंगांनी उलगडावी आणि दर वेळी आपण थोडे वर गेलेले असावं, तशी ही गाडी नेरळ दाखवत राहते.

इथलेही थांबे सकारण. जुम्मापट्टीला रूळ दुहेरी होतात, कारण बाकी वाट एकेरी. वरून येणारी गाडी इथेच चुकवायची. दोन गाड्या एकमेकींना इतक्या जवळून ओलांडतात की या खिडकीतून त्या खिडकीत लिंबू देता यावं. पुढचं स्थानक वॉटर पाइप. नावातच सगळी हकिगत. चढून चढून तहानलेली वाफेची इंजिनं इथे पाणी पीत. आता डिझेलचं इंजिन, त्याला तहान नाही. पण गाडी इथे थांबते, माणसं उतरतात, लिंबूसरबत पितात, माकडं डब्यांची पाहणी करून जातात. इंजिनाची तहान गेली आणि थांबा तेवढा मागे उरला. गाव उठून गेलं तरी पाराखाली दिवा लागत राहावा, तसा हा थांबा मला वाटतो. या वाटेवर माझा सर्वांत लाडका हाच.

या नाजूकपणाची किंमतही आहे. दर पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद ठेवावी लागते. जुलै 2005च्या अतिवृष्टीने रूळ ठिकठिकाणी वाहून नेले, ते सावरायला 2007 उजाडलं. 2019च्या पावसात पुन्हा खचले. नेरळहून माथेरानला गाडी परत धावली ती ऑक्टोबर 2022 मध्ये. डोंगराच्या कलाने चालायचं तर डोंगराची आजारपणंही काढावी लागतात. आणि दर वेळी कोणीतरी खडी भरतं, स्लीपर सारखे करतं, ते दोन फुटांचं अंतर पुन्हा मोजून घेतं. शंभराहून जास्त वर्षांची ही वाट एकदा बांधलेली नाही. ती सतत बांधली जात आहे.

अमन लॉज आलं. शेजारी दस्तुरी नाका. मोटारी इथे थांबतात. पुढे त्यांना मज्जाव. अर्ध्या तासात वर आलेले सगळे टॅक्सीवाले प्रवासी इथे सामान उतरवून उभे होते, आणि आमची मुंगीच्या पावलाची गाडी त्यांच्या देखत पुढे निघाली. मी भाच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. उरलेल्या अडीच-तीन किलोमीटरांत झाडी दाट होते, माती तांबडी होते, आणि माथेरानच्या बाजारापाशी रूळ संपतात. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले तेव्हापासून इथे चाकांपेक्षा पायांचा आणि टापांचा आवाज जास्त. आम्ही उतरलो तेव्हा भाच्याने खिशातून फोन काढला, परतीची वेळ बघितली असावी, आणि परत खिशात ठेवला. बूट मात्र पाच मिनिटांत लाल झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत निघालो, तेव्हा कर्जतला पुण्याकडची गाडी मिळाली. डोंगर आता चढायचा होता. गाडी थांबली आणि मी त्याला म्हटलं, "आता उतर, आणि मागे जाऊन बघ." शेवटच्या डब्याला मागून बँकर लागतात, म्हणजे घाटात ढकलणारी इंजिनं. एक गाडी पुढून ओढायची आणि मागून ढकलायची, यासाठी हा काही मिनिटांचा थांबा. आणि दर गाडीला इथे काही मिनिटं मिळणार, हे ओळखून कर्जतच्या फलाटावर वड्याने घर केलं. दिवाडकरांचा वडा पुण्या-मुंबईच्या प्रवाशांना ठाऊक आहे तो या इंजिन जोडण्याच्या वेळेमुळे. पापुद्रा कुरकुरीत पण पातळ, आत बटाटा फार न कुटता ठेवलेला, मिरची-आल्याचा चटका जिभेला उशिरा कळणारा, आणि पावात लसणाची कोरडी चटणी. ओली चटणी घाटाच्या हेलकाव्यात अंगावर सांडली असती. वड्याची पाककृतीसुद्धा सदतीसास एकचा चढ मानते.

भाचा धावत परत आला. हातात चार वडे, त्यांच्या कागदावर तेलाचे डाग. "मामा, तिकडे..." असं काहीतरी म्हणायला लागला आणि पहिला घास तोंडात असतानाच मागून, अगदी पाठीला कोणी हात लावावा तसा, हलका धक्का आला. बँकर टेकले होते. तो बोलायचा थांबला आणि ऐकू लागला.